बालवाडीतच राहून पुढं जायचंय, कसं जावं?

रांगोळी_ठिपके
नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बालवाडीत ताई आहे, यंदा ९ वर्षं पूर्ण होतील. ३ ते ६ वयाची ३४ मुलं, मी आणि एक मदतनीस मावशी असा आमचा संसार. माझं डी.एड. झालेलं आहे. या कामावर माझा जीव आहे हे आधीच सांगते, म्हणजे "सोड आणि दुसरं बघ" असा सल्ला कृपा करून कुणी देऊ नका.

प्रश्न असा आहे की घरात, नात्यात, लग्नाकार्यात सगळीकडं एकच विचारणा, "अजून बालवाडीतच का? मोठ्या शाळेत कधी लागणार?" जणू पहिलीला शिकवलं तर मी एक पायरी वर आणि दहावीला शिकवलं तर दहा पायऱ्या वर. मला वर असं जायचंच नाहीये, मला याच वयाच्या मुलांसोबत राहायचंय, पण आहे तिथंच थांबायचंही नाहीये. गेल्या दोन वर्षांत तीन प्रशिक्षणं झाली, दोन-दोन दिवसांची. मंगल कार्यालयाचा हॉल, दीडशे बायका, माईकवरून भाषण, कागदी मुखवटे, दुपारी जेवण, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. सोमवारी परत माझी ३४ मुलं आणि मी, आणि मला समजेना की शनिवारपेक्षा आज मला काय जास्त येतंय. गाणी तीच, गोष्टी त्याच, भिंतीवरचे तक्तेसुद्धा माझ्या पहिल्या वर्षातलेच, फक्त लॅमिनेट केलेत.

तर या कामात असणाऱ्यांनी सांगा, तुम्ही कशा वाढलात? कोर्स केला का, कुठला, खरंच उपयोग झाला का? की कुणी माणूस भेटलं? मोकळेपणानं लिहा, मी सगळं वाचणार आहे.

कोरा_कागद
चांगला विषय काढलात ताई. कोर्सबद्दल माझा अनुभव लिहिते. मी इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा, डीईसीई केला, म्हणजे बालसंगोपन आणि बालशिक्षणातला डिप्लोमा. बारावी पास लागते, कमीत कमी एक वर्ष, पण नोकरी करून मला जास्त वेळ लागला आणि तशी मुभा असते. पुस्तकं घरी येतात. मी हिंदीतून केला, पहिले दोन महिने शब्द जड गेले मग सवय झाली. एक भाग केंद्र कसं चालवायचं आणि मुलं कशी वाढतात याचा, एक आरोग्य-पोषणाचा, एक मुलांसाठीच्या सेवा-योजनांचा आणि चौथा प्रोजेक्टचा. खरं सांगू का, पहिले तीन मी वाचून काढले आणि परीक्षा दिली, पण बदलले मी चौथ्यानं. त्यात मुलांसोबत प्रत्यक्ष काय केलं, काय ठरवलं होतं आणि झालं काय हे लिहायचं असतं. ते लिहिताना पहिल्यांदा कळलं की मी दिवसभरात "नको", "थांब", "हात खाली" एवढंच किती वेळा बोलते.

तुमचं डी.एड. आहे पण ते पहिलीपासून पुढचं, तीन वर्षांच्या मुलाबद्दल त्यात फारसं नसतं हे तुम्हालाही माहीत असेल. त्यामुळं कोर्स करा म्हणेन. प्रमाणपत्र फाईलला लागेल पण प्रोजेक्ट मन लावून करा.

सदाफुली
मी पण याच नावेत. वाचतेय.

निवांत_दुपार
मी निवृत्त मुख्यसेविका आहे, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आताचा पालघर त्यातच होता तेव्हापासून, तीसेक वर्षं अंगणवाड्यांच्या भेटी केल्या. तुमच्या नातेवाईकांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण तो प्रश्न मीही आयुष्यभर ऐकला.

ताराबाई मोडक राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. इंग्रज अमदानीत, हे लक्षात घ्या, केवढं पद! ते सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. कॉलेजातून बालमंदिरात. पुढं १९२६ला नूतन बालशिक्षण संघ, १९४५ला आमच्याच जिल्ह्यातली बोर्डी आणि मग १९५७पासून कोसबाडची टेकडी. अनुताई वाघ १९४५ला बोर्डीला त्यांना येऊन मिळाल्या आणि बीएची पदवी घेतली ती पन्नाशीला आल्यावर, काम चालू ठेवून. या दोघींना कुणी "मोठ्या शाळेत कधी" असं विचारलं असेल का, असेलही. पण त्या वाढल्या कशात ते बघा. बोर्डीच्या हरिजनवाड्यात आणि पाड्यांवर मुलं बालवाडीला येईनात. का येत नाहीत हे बघायला या बाया अंगणापर्यंत गेल्या, तर मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं, मुलगा गुरांमागं, आई मजुरीला. मग वर्गच अंगणात नेला, अंगणवाडी हा शब्द तिथला. धाकट्यांना पाळणाघर, मधल्यांना बालवाडी, मोठ्यांना शाळा हे एकाच ठिकाणी आणलं, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा. आज देशभर ज्याला अंगणवाडी म्हणतात ती सरकारी योजना २ ऑक्टोबर १९७५ला आली, शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. हे सगळं कुठल्या कोर्सात शिकवलेलं नव्हतं, समोरचं मूल का येत नाही एवढा एकच प्रश्न धरून त्या पुढं गेल्या.

म्हणून ठिपके ताई, मला तुमच्या कोर्सबद्दल सध्या काही बोलायचं नाही. तुमच्या ३४ मुलांमधलं जे मूल तुम्हाला सगळ्यात जास्त दमवतं ते कोण, आणि ते नक्की काय करतं, एवढं लिहा. नाव अर्थातच नको.

रांगोळी_ठिपके
बाई, तुम्ही असं विचारल्यावर लगेच एकच चेहरा आला डोळ्यासमोर. सव्वाचार वर्षांचा आहे. त्याला निळ्या म्हणू, रोज निळी बनियन असते. प्रचंड खोडकर. कुणाचंही ऐकत नाही. ठोकळ्यांच्या कोपऱ्यात दुसऱ्या मुलांनी मनोरा केला की हा जाऊन पाडतो, मग रडारड. रोजचं आहे. आईला दोनदा बोलावून सांगितलं, ती त्याला माझ्यासमोरच धपाटा घालते, तेही बघवत नाही.

निवांत_दुपार
"प्रचंड खोडकर", "कुणाचंही ऐकत नाही", हे निरीक्षण नाही झालं बाळा, हा निकाल झाला. निकाल लागला की आपण बघायचं थांबतो. मी भेटीला जायचे तेव्हा सेविकांच्या वहीत हेच शब्द असायचे, हुशार, लाजाळू, हट्टी, मंद. मी म्हणायचे एक आठवडा हे शब्द बंद. फक्त हात काय करतायत, डोळे कुठं आहेत, तोंडातून नक्की कुठले शब्द आले, तेवढंच.

उद्यापासून पाच दिवस रोज दहा मिनिटं मावशींकडं बाकीची मुलं द्या, गाणी म्हणू देत त्यांना. तुम्ही निळ्यापासून दोन हात लांब जमिनीवर बसा. त्याला काही सांगू नका, थांबवू नका, अर्थात कुणाला लागणार असेल तर सोडून. आणि लिहा. इथंच येऊन लिहा.

पाटीपूड
मध्ये विचारतो, मी शिक्षक नाही, पालक आहे. चालेल ना? माझा मुलगा ४ वर्षांचा, इथल्या एका शाळेत नर्सरीला. रोज पानभर अक्षरं गिरवायचा होमवर्क, ए पासून झेड आणि वर अ आ इ. रात्री साडेआठ वाजता रडतो, पेन्सिल फेकतो. शाळा म्हणते सवय होईल. तुमच्यासारख्या अनुभवी लोकांना काय वाटतं? आम्ही चुकतोय का?

कोरा_कागद
दादा तुम्ही चुकत नाही आणि मुलगा तर अजिबात चुकत नाही. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात, चौथ्या वर्षी त्यातली साधारण निम्मीच हाडं म्हणावीत अशी घट्ट झालेली असतात, बाकीची अजून कूर्चा, म्हणजे मऊसर. पंजाचे बारीक स्नायूही तयार होत असतात. त्या हाताला पानभर गिरवायला लावलं तर दुखणारच. त्याऐवजी कणकेचा गोळा मळायला द्या, कागद फाडू देत, शर्टाची बटणं त्याची त्यालाच लावू देत, लसूण सोलू देत. हे सगळं लेखनाचीच तयारी आहे.

आणि २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. त्याचा आराखडा ऑक्टोबर २०२२ला आला, त्यातही खेळातून शिकणं हेच मुख्य आहे. शाळेशी बोलताना हे सांगा, पण भांडणाच्या सुरात नको, त्या वर्गातल्या ताईवरही वरून दबाव असतो.

रांगोळी_ठिपके
दादा, पेन्सिलीवरून आमच्याकडं झालेलं सांगते. आमच्याकडंही पालक म्हणायचे, शेजारची पोरगी एबीसीडी लिहिते, आमचं नुसतं खेळतंय. दोन वर्षांपूर्वी पालकसभेत मी भाषण करायच्या ऐवजी भुईमुगाच्या शेंगांची पाटी मध्ये ठेवली आणि मुलांना सोलायला बसवलं. आया बघत होत्या. जून महिना होता. लहान गटातल्या बहुतेकांना शेंग फुटेना, दाताखाली धरत होती, एक तर पायानं दाबत होता. मोठ्या गटातली, जी दोन वर्षं आमच्याकडं माती, मणी, कागद यात खेळलेली, ती दोन बोटं आणि अंगठा यात धरून टचकन फोडत होती आणि दाणे वाटीत. मी एवढंच म्हटलं की पेन्सिल याच तीन बोटांत धरायची असते. त्या दिवसापासून "कधी लिहायला शिकवणार" हा प्रश्न कमी झाला, बंद नाही झाला. पण एक आई घरून शेंगा पाठवायला लागली.

निवांत_दुपार
आणि तुम्ही म्हणता मी तिथल्या तिथंच आहे! पालकसभेत शेंगांची पाटी ठेवणं हे पहिल्या वर्षाच्या ताईला सुचलं असतं का?

शेवंती
मी धुळे जिल्ह्यातली अंगणवाडी सेविका, १४ वर्षं. सगळं वाचलं, पटलं, पण एक बाजू लिहायलाच हवी. दहा मिनिटं जमिनीवर बसून एका मुलाकडं बघायचं हे ऐकायला फार गोड आहे. माझा दिवस सांगते. सकाळी उघडायचं, झाडायचं, मुलं घरून बोलावून आणायची, आहार, वजन-उंची, पोषण ट्रॅकर ॲपवर हजेरी आणि फोटो, रेंज नसली तर ओट्यावर उभं राहून, गरोदर बायांच्या गृहभेटी, लसीकरणाचा दिवस, शिवाय कुठला ना कुठला सर्व्हे. मदतनीसची जागा आमच्याकडं काही महिने रिकामीच होती. बालशिक्षण हे सहा सेवांमधली एक सेवा, आणि बाकीच्या पाचांचा हिशोब रोज कुणीतरी मागतं, याचा कुणी मागत नाही.

तरी मी वाढले का तर हो वाढले, आणि ते एका पोरीमुळं. माझी घरची बोली अहिराणी. पण अंगणवाडीत मी कायम पुस्तकी बोलायचे, प्रशिक्षणात एकदा कुणीतरी सांगितलं होतं मुलांसमोर शुद्ध बोला, ते डोक्यात बसलेलं. एक साडेतीन वर्षांची पोरगी दोन महिने तोंड उघडेना. मी रजिस्टरला लिहिलं, बोलत नाही, तपासणीला पाठवावं का. आणि एक दिवस बाहुलीवरून भांडण झालं तर ही पोरगी एवढ्या मोठ्यानं ओरडली, "हाई मन्ही बाहुली शे!" सगळी अंगणवाडी गप्प. मी हातातलं काम टाकून तिच्याजवळ गेले आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तुन्हीच शे माय, आठे ये." ती आली आणि माझ्या मांडीवर बसली, दोन महिन्यांत पहिल्यांदा.

त्या रात्री मला झोप नाही लागली. पोरगी बोलत होती, तिला बोलायला जागा मी ठेवली नव्हती, आणि तीसुद्धा माझ्याच भाषेत. त्यानंतर मी सकाळच्या गप्पा अहिराणीतच घ्यायला लागले, गोष्ट आधी अहिराणीत आणि दुसऱ्या दिवशी तीच मराठीत. दिवाळीपर्यंत पोरं दोन्ही बोलायला लागली. नंदुरबारला पावरी-भिली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, तिथल्या बहिणींचं तर याहून अवघड असेल कारण कित्येकींना ती भाषा स्वतःलाच येत नसते.

यारा_काठी
शेवंती ताई, अंगावर काटा आला वाचून. मी मूळची नाशिकची, मेलबर्नला ७ वर्षं अर्ली चाइल्डहूड एज्युकेटर आहे, इथं येऊन आधी सर्टिफिकेट थ्री हा या कामाचा सुरुवातीचा कोर्स केला मग काम करता करता डिप्लोमा. माझ्या खोलीत पंजाबी, व्हिएतनामी, अरबी बोलणारी मुलं आहेत आणि आम्हाला पहिल्या दिवशी सांगतात की प्रत्येक मुलाच्या घरच्या भाषेतले पाच-दहा शब्द आईकडून लिहून घ्या, झोप, पाणी, दुखतंय, आई येईल. तेवढ्यानंही मूल शांत होतं.

तिकडचं इकडं चांगलं असं म्हणायला आले नाही. पण शेवंती ताईंनी वेळेचा मुद्दा काढला म्हणून सांगते. इथं व्हिक्टोरियात तीन वर्षांखालच्या चार मुलांमागं एक मोठं माणूस आणि तीन वर्षांच्या पुढं अकरा मुलांमागं एक असं बंधन आहे, आणि ज्याच्याकडं नियोजनाची जबाबदारी त्याला आठवड्याला किमान दोन तास मुलांपासून वेगळे मिळतात, पगारी. त्या दोन तासांत मी निरीक्षणं लिहिते. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये मार्गारेट कार यांनी लर्निंग स्टोरीची पद्धत रुजवली ती आम्हीही वापरतो. मुलानं काय केलं त्याची छोटीशी गोष्ट, त्यालाच उद्देशून लिहिलेली, आणि ती आईबाबांना वाचायला द्यायची. मी पहिली लिहिली तेव्हा सुपरवायझरनं परत दिली, म्हणाली यात मूल कुठाय, यात सगळं तूच काय केलंस ते आहे. तेव्हा राग आला होता.

सांगायचं हे की निरीक्षणाला वेळ मिळणं हे इथं ताईच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही, कामाच्या अटीत आहे. तिकडंही ते मागायला हवं.

आडवी_वाट
मी थोडं कडक लिहितो, वाईट वाटून घेऊ नका. माझी बायको एका खाजगी बालवाडीत ६ वर्षं आहे. तिचा महिन्याचा पगार आणि आमचं किराण्याचं बिल जवळपास सारखं आहे. निरीक्षण करा, गोष्टी लिहा, सगळं खरं, पण वाढ म्हणजे हातात येणाऱ्या पैशातही दिसायला नको का? तिच्याकडं मॉन्टेसरीचा डिप्लोमा आहे, स्वतःच्या पैशानं केलेला. संस्थेला तो जाहिरातीत लावायला आवडतो. पगारवाढ मागितली की "तुम्ही काय, मुलांसोबत खेळताच ना" हे ऐकायला मिळतं. मे महिन्याचा पगार तर देतच नाहीत.

कोरा_कागद
आडवी वाट, वाईट कशाला वाटेल, खरंच आहे हे. मुलांसोबत खेळताच ना हे वाक्य मी पण ऐकलंय.

निवांत_दुपार
आडवी वाट, तुमचं म्हणणं बाजूला सारण्यासारखं नाही. मूळ दुखणं कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा. तीन ते सहासाठी त्यात कलम ११ आहे पण ते सरकार व्यवस्था "करू शकेल" अशा भाषेत आहे. म्हणून खाजगी बालवाडीच्या ताईला ना वेतनश्रेणी ना पात्रतेची सक्ती. अंगणवाडीत मानधन, पगार नाही, हा शब्दच बायकांना खाली ठेवतो. तरी हळूहळू हलतंय. एप्रिल २०२२ला सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या प्रकरणात अंगणवाडी सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटी लागू होते असा निकाल दिला, आणि त्यात याच कलम ११चा आधार घेऊन म्हटलं की त्यांचं काम कायद्यानं नेमून दिलेलं काम आहे. म्हणजे बालशिक्षण हे आपलं काम आहे असं जितकं ठामपणे दाखवता येईल तितकी पैशाची मागणीही बळकट होते. माझ्या दृष्टीनं वही आणि संघटना या एकाच वाटेवरच्या आहेत. नुसती वही लिहून पगार वाढत नाही आणि नुसत्या मोर्चानं निळ्या कळत नाही. दोन्ही करावं लागतं, मी दोन्ही केलंय.

आणखी एक, त्या २०२०च्या शिक्षण धोरणात बारावी किंवा पुढं शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र कोर्स आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा डिप्लोमा सांगितलाय, मोबाईल-टीव्हीवरून, पण महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग घ्यायचा असंही त्यात आहे. शेवंतीसारख्यांनी हा महिन्याचा वर्ग सोडू नका, मागून घ्या. व्हिडिओ तर काय रात्री भांडी घासताना लागून जातात. समोरासमोर बसून "माझ्याकडं असं एक मूल आहे" हे बोलायची जागा तीच.

शेवंती
बाई, "पोषण भी पढाई भी" या सरकारी कार्यक्रमाचं प्रशिक्षण झालं आमचं, त्यात आधारशिला हा केंद्राचा अभ्यासक्रम दाखवला, आधी राज्याचा आकार होताच. साहित्य चांगलं आहे हे मी मनापासून म्हणते. पण तुम्ही म्हणता तशी बोलायची जागा त्यात नव्हती, वेळच नव्हता. एक मात्र केलं मी, बीटमधल्या, म्हणजे एकाच मुख्यसेविकेखालच्या, पाच जणी मासिक मीटिंगच्या दिवशी अर्धा तास आधी येतो, पिंपळाच्या पारावर बसतो. दोन वेळा झालं.

रांगोळी_ठिपके
आठ दिवस आले नाही त्याबद्दल माफी, गॅदरिंग होतं. निळ्याचं लिहायला बसलेय, सावकाश लिहिते कारण मला यातलं एकही सुटू द्यायचं नाहीये.

पहिल्या दिवशी मला काहीच लिहिता येईना. दोन मिनिटांत त्यानं एकाचा मनोरा पाडला आणि माझा हात आपोआप उठला, "ए". ते रडलेल्या मुलाला मांडीवर घेण्यात उरलेला वेळ गेला. दुसऱ्या दिवशी मी त्याला थोडे ठोकळे वेगळे दिले, म्हटलं हे तुझे. आमचे ठोकळे गावातल्या सुतारानं उरलेल्या फळ्यांचे करून दिलेत, सगळे मापात नाहीत. वहीत लिहिलंय ते जसंच्या तसं टाकते. "लांब पट्टी उभ्या ठोकळ्यावर ठेवली. पट्टी मधोमध नाही. बोटानं ढकलली. थांबला. परत थोडी ढकलली. पडली. हसला नाही, ओरडला नाही. पट्टी उचलली, जिथून पडली ती कड बोटानं चाचपली. परत ठेवली." हे त्यानं त्या दहा मिनिटांत ७ वेळा केलं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्यांच्या मनोऱ्याकडं गेला तेव्हा मी हात मांडीखाली दाबून धरला आणि फक्त बघितलं. तो धक्का देत नव्हता हो. तो वरच्या ठोकळ्याची कड बोटानं पुढं सरकवत होता, अगदी हळू, श्वास रोखून, कधी पडतंय ते बघत. मनोरा पडायचा, मूल रडायचं, मी धावत यायचे, आणि मला दिसायचा तो फक्त पडलेला मनोरा. सहा महिने.

चौथ्या दिवशी मी एक फळी आणि मसाला कुटायचा जुना लोखंडी बत्ता आणून ठेवला, काही बोलले नाही. त्यानं फळी बत्त्यावर आडवी ठेवली, एका टोकाला एक ठोकळा, टोक खाली. दुसऱ्या टोकाला एक, फळी सरळ होईना, बत्ता गोल, सारखा घरंगळतो. मग त्यानं पायातली चप्पल काढून बत्त्याला अडवली. चप्पल! मला सुचली नसती. मग ज्या मुलीचा मनोरा रोज पडायचा ती येऊन बसली आणि म्हणाली मी ठेवू का इकडं, आणि निळ्या म्हणाला, "हळू ठेव, जड बारीक बघ." जड-बारीक म्हणजे त्याला जड-हलकं म्हणायचं होतं. "ऐकत नाही" असं मी ज्याच्याबद्दल लिहिलं होतं तो दुसऱ्याला शिकवत होता.

पाचव्या दिवशी आईला बोलावलं. ती आल्या आल्याच घाबरली, परत काय केलं म्हणून. मी तिला वही वाचून दाखवली. ती काहीच बोलली नाही, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, याचा बाप गवंडी आहे, ओळंबा लावताना हा तासतास बघत बसतो. ९ वर्षांत मी कुठल्याही आईला बापाचा व्यवसाय रकान्यात भरण्यापलीकडं विचारला नव्हता.

बाई, तुम्हाला काय म्हणू सुचत नाही.

निवांत_दुपार
काही म्हणू नको. बाप सुट्टीच्या दिवशी येईल का विचार, ओळंबा घेऊन. मुलांना भिंत सरळ आहे का बघू दे. आणि वहीत त्याच्याखाली दुसऱ्या मुलाचं पान सुरू कर, यावेळी त्रास न देणाऱ्या मुलाचं. गप्प बसून सगळं ऐकणाऱ्यांकडं आपलं सगळ्यात कमी लक्ष जातं.

पाटीपूड
शिक्षक नसूनही दोनदा वाचलं. मुलाला काल कणकेचा गोळा दिला, त्यानं त्याची गाय केली, पाच पायांची. होमवर्कबद्दल शाळेच्या ताईंशी बोललो, त्या म्हणाल्या मलाही नाही आवडत पण वरून आहे. आता आम्ही चार पालक मिळून मुख्याध्यापकांना भेटणार आहोत.

आडवी_वाट
बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली पाचवा पाय म्हणजे शेपूट असेल, विचारलं का त्याला?

पाटीपूड
विचारलं आत्ता. शेपूटच आहे.

यारा_काठी
ठिपके, हीच लर्निंग स्टोरी. तुम्ही न शिकता लिहिलीत. निळ्याला उद्देशून परत लिहा आणि आईला द्या, तिला वाचता येत नसेल तर बाबा घरी असताना वाचून दाखवा.

कोरा_कागद
एक सुचवू का? आपण इथं चार-पाच जणी आहोत याच कामातल्या. महिन्यातून एकदा फोनवर भेटूया का, व्हिडिओ लावून? प्रत्येकीनं एका मुलाचं एक पान आणायचं आणि वाचायचं. निकालाचे शब्द नकोत. बाईंनी ऐकायचं. मुलांची नावं, फोटो काही नाही.

निवांत_दुपार
मी रिकामीच आहे. फक्त मला तो व्हिडिओ लावायला नातू लागतो, तो शनिवारी असतो.

रांगोळी_ठिपके
शनिवार चालेल, अर्धा दिवसच असतो. ४ वाजता? शेवंती ताई तुम्हाला जमेल का, रेंजचं काय?

शेवंती
पारावर रेंज येते. आमच्या पाचही जणी तिथंच बसू एका फोनवर. एक विचारायचं होतं, आता नवीन मदतनीस लागल्यात, बारावी झालेल्या, वयानं लहान आहेत. त्या म्हणतात आम्ही फक्त आहार शिजवतो, आम्हाला काय लिहिता येणार. पण पोरं जेवताना काय बोलतात ते सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत असतं. त्यांना आणू का?

रांगोळी_ठिपके
आणाच. आमच्या मावशींना पण बसवते. त्यांना लिहिता येत नाही, त्या सांगतील, मी लिहीन.